गोव्याच्या रस्त्यावर आलिशान सेडान किती देते, आणि कमी का देते

साठ लाखांची गाडी घेतलेल्या माणसाला ‘किती देते?’ विचारणं बरं दिसत नाही असं सगळे म्हणतात, आणि तरी विचारल्यावाचून कोणी राहत नाही. मालक जो आकडा सांगतो तो एक तर ब्रोशरमधला असतो, नाहीतर डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचा. दोन्हींवर विसंबून चालत नाही.

ब्रोशरमधला आकडा एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीचा. त्यात गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या आलेखाप्रमाणे ११८० सेकंद चालवतात. शहरी भागाचा सरासरी वेग ताशी १९ किलोमीटर आणि पूर्ण चाचणीतला कमाल वेग ९०. चढ नाही, स्पीडब्रेकर नाही, मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला ही चाचणी ठीक आहे, पण तुमच्या टाकीचा हिशेब तिच्यावरून लागत नाही.

मर्सिडीजची सी-क्लास किंवा ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ३ सिरीज, ऑडीची ए४ या पठडीतली, दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरची, १६५० ते १८०० किलो वजनाची सेडान धरू. ब्रोशरमध्ये १५ ते १७ लिहिलेलं असतं. पणजीतल्या पणजीत फिरवलीत तर ७ ते ९ मिळतात. घर-ऑफिस आणि अधूनमधून मडगाव-म्हापसा असा मिश्र वापर असेल तर १० ते १२, आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ऐंशीच्या आसपास स्थिर चालवलीत तर १४ ते १६. दोन लिटरचं डिझेल शहरात ११ ते १३, महामार्गावर १८ ते २० देतं. सहा सिलिंडरचं पेट्रोल असेल तर शहरात ५ ते ७ वर समाधान मानायचं. गाडी या हद्दीत असेल तर तिला काही झालेलं नाही, वर्कशॉपच्या खेपा घालू नका.

आधी नीट मोजा

टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथेच थांबा. पंपावरचा मुलगा ‘साहेब, राउंड फिगर करतो’ म्हणत आणखी दीड लिटर ढकलतो, ते करू देऊ नका. एक तर मोजमाप बिघडतं. दुसरं म्हणजे जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि तो डबा पेट्रोलची वाफ धरून ठेवण्यासाठी आहे, ओलं पेट्रोल साठवण्यासाठी नव्हे. तो भिजला की पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला त्रास देते, वास येतो, पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो.

ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव उरेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या ऑटोकटपर्यंत भरा. ट्रिप ४१२ किलोमीटर आणि भरलं ४३.६ लिटर असेल तर ४१२ भागिले ४३.६, म्हणजे ९.४५. एका टाकीवर निकाल देऊ नका; तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, आणि मग भागाकार.

आता स्क्रीन बघा. जर्मन गाड्या बऱ्याचदा शंभर किलोमीटरला किती लिटर ते दाखवतात. १०० ला त्या आकड्याने भागलं की आपल्या सवयीचा आकडा मिळतो: ७ म्हणजे १४.३, १० म्हणजे १०, १२ म्हणजे ८.३. वरच्याच उदाहरणात स्क्रीनवर ९.८ दिसत असेल तर गाडी १०.२ देते असा तिचा दावा झाला, आणि प्रत्यक्षात मिळाले ९.४५. म्हणजे स्क्रीन आठ टक्के फुगवून सांगते. हा फरक सहसा फारसा हलत नाही, म्हणून एकदा काढून ठेवला की पुढे स्क्रीनवरचा लिटरचा आकडा १.०८ ने गुणला की काम झालं.

एक चूक सर्रास होते. जाताना १६ दिले, येताना गर्दीत ८ दिले, म्हणून सरासरी १२ धरली जाते. दोन्हीकडे शंभर-शंभर किलोमीटर असतील तर इंधन गेलं ६.२५ अधिक १२.५, म्हणजे १८.७५ लिटर. दोनशे किलोमीटरला हे पडतात १०.७. वाईट प्रवासाचं वजन नेहमी जास्त असतं, आणि गोव्यातल्या गाडीची खरी गोष्ट या वाईट प्रवासांतच आहे.

सात किलोमीटरचा प्रवास

गोवा लहान आहे. पर्वरी ते पणजी सहा-सात किलोमीटर, दोनापावला ते १८ जून मार्ग तेवढंच, म्हापसा ते पणजी तेरा. थंड इंजिनातलं पाणी तापायला तीन-चार किलोमीटर लागतात, पण इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल पुरतं तापायला आठ-दहा. तोवर ऑइल जाड असतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत असतो, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) चालत नाही आणि गिअरबॉक्स वरचा गिअर उशिरा टाकतो. गाडी जेमतेम तापते तेव्हा तुम्ही पार्किंग शोधत असता. मोठ्या इंजिनात सहा-सात लिटर ऑइल असतं, ते तापवायलाही वेळ आणि पेट्रोल दोन्ही लागतं. म्हणून लहान फेऱ्यांची शिक्षा हॅचबॅकपेक्षा या गाडीला मोठी होते.

त्यात उभं राहणं येतं. एसी चालू ठेवून उभं असलेलं दोन लिटरचं इंजिन तासाला साधारण एक लिटर पितं. सात किलोमीटरच्या फेरीला सातशे मिली लागत असतील आणि पर्वरीच्या कोंडीत दहा मिनिटं उभे राहिलात, तर त्यात १७० मिलीची भर पडली. एका झटक्यात खर्च पाव हिश्श्याने वाढला आणि गाडी एक मीटरही पुढे गेली नाही. रायबंदरला फेरीबोटीची वाट पाहताना, शाळेच्या गेटवर मुलं सुटायची वाट पाहताना, १८ जून मार्गावर ‘दोनच मिनिटं’ डबल पार्किंगमध्ये, हे सगळं याच खात्यात जातं. मोबाइलवरून आधीच इंजिन सुरू करून गाडी थंड करणं तर रोज दीड-दोनशे मिली ओतून देण्यासारखं आहे.

उपाय साधे आहेत, पण करायला शिस्त लागते. सकाळी बँक, दुपारी बाजार, संध्याकाळी क्लास अशा तीन थंड सुरुवाती करण्याऐवजी एकाच फेरीत कामं ओवा, आणि सर्वांत लांबचं काम आधी ठेवा. मग इंजिन गरम असताना बाकीचे थांबे होतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचं तर गाडी बाजारात घुसवू नका, बाहेर लावून चालत जा. सुरू केल्यावर उभ्या उभ्या इंजिन तापवू नका. आपल्याकडे थंडी ती कसली, पंधरा-वीस सेकंदांत निघा आणि पहिले तीन किलोमीटर पाय हलका ठेवा.

ब्रेकमध्ये गेलेलं पेट्रोल

माणसांसकट १७५० किलोची गाडी ताशी ६० वर आणायला सुमारे २४० किलोज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलमधली जेमतेम चौथाई ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असं धरलं, तर शून्यावरून साठ म्हणजे ३० मिलीच्या आसपास पेट्रोल. पुढच्या क्षणी स्पीडब्रेकर आला आणि ब्रेक दाबला की ते सगळं डिस्क तापवण्यात गेलं. आपल्या गावातल्या रस्त्यांवर देऊळ, शाळा, पंचायत, चर्च, प्रत्येकासमोर एक स्पीडब्रेकर, काही ठिकाणी तिघांची रांग. अशा रस्त्यावर साठ-वीस-साठ करत गेलात तर वीस अडथळ्यांना अर्ध्या लिटरहून जास्त नुसतं ब्रेकमध्ये जातं. तेच चाळीस-दहा-चाळीस केलंत तर पाव लिटरच्या जवळपास. वेळेत फरक पडतो दोन मिनिटांचा.

म्हणून पुढचा स्पीडब्रेकर दिसला की शंभर-सव्वाशे मीटर आधी पाय काढा. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंद होतात; इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर येईपर्यंत पेट्रोलचा थेंबही जात नाही. इको मोडमध्ये काही गाड्या उलट करतात: इंजिन गिअरपासून सोडवून गाडी तरंगू देतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर, जसं वेर्ण्याच्या पठारावर, ते फायद्याचं आहे. पण गावातून, जिथे वेग कमी करायचाच आहे, तिथे गाडी हवी तशी मंदावत नाही आणि तुम्हाला ब्रेक दाबावाच लागतो. तिथे कम्फर्ट मोड बरा.

सुटताना मात्र फार हळू दाबण्यात बचत नाही. टर्बो इंजिनाला मध्यम दाब आवडतो; एक तृतीयांश दाबून पटापट वरच्या गिअरला जाऊ द्या, मग स्थिर ठेवा.

एसी आणि ऊन

चालत्या गाडीत एसीचा खर्च लोक समजतात तेवढा नसतो, उभ्या गाडीत मात्र तो जाणवतो. कांपालच्या मैदानाजवळ मे महिन्यात दोन तास उन्हात राहिलेली काळ्या सीटची गाडी म्हणजे भट्टी. बसल्यावर चारही काचा खाली करून अर्धा-एक मिनिट चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर करून आतली हवा फिरवण्याचं बटण लावा आणि २४ वर ठेवा. १८ वर ठेवल्याने गाडी लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ राबतो. सनरूफचा पडदा ओढून ठेवा. पावसाळ्यात काचेवर धुकं येतं तेव्हा एसी लागतोच, तिथे काटकसर नको.

महामार्ग आणि घाट

या गाड्या हवेत सुरेख सरकतात. नव्या सी-क्लासचा ड्रॅग गुणांक ०.२४ आहे, आणि वरच्या गिअरमध्ये ऐंशीला इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या खालीच गुणगुणत असतं. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ला जेवढा, त्याच्या दीडपटीहून जास्त १०० ला आणि सव्वादोन पट १२० ला. पणजी ते मडगाव ३३-३५ किलोमीटर. नवा जुवारी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची रखडपट्टी गेली, तशी तिथे गाडी हाणण्याची हौस वाढली. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर कागदावर पाच मिनिटं वाचतात, आणि मडगावच्या सिग्नलवर ती परत द्यावी लागतात.

क्रूझ कंट्रोल सपाटीवर चांगला. चढावर तो वेग टिकवण्यासाठी खालचा गिअर टाकतो आणि पेट्रोल ओततो, म्हणून फर्मागुडीसारख्या चढावर पायानेच चालवा आणि वेग पाच-सात किलोमीटरने घसरू द्या.

चोर्ला घाटाचा हिशेब वेगळा. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. केरीपासून एवढी गाडी नुसती वर उचलायलाच दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल लागतं, पुढे जाण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे चढताना स्क्रीनवर लिटरला ६-७ दिसलं तर घाबरू नका. बेळगाव स्वतः साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे जाताना घातलेली उंची तिकडे परत मिळत नाही. ती मिळते येताना. जाताना ९ आणि येताना १६ असं दिसतं आणि लोक म्हणतात की बेळगावचं पेट्रोल चांगलं! जाऊन-येऊन एकत्र मोजा. उतरताना गिअर न्यूट्रल करणं हा जुना भ्रम अजून जिवंत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल घेतं, गिअरमध्ये उतारावर काहीच घेत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येऊन ते वळणावर तापतात. स्टिअरिंगमागच्या पॅडलने तिसरा-चौथा गिअर धरून उतरा.

टाकीत काय आहे

आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. हिशेबाने ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के आणि निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सात टक्क्यांच्या आसपास घट येते. जुन्या वहीत १० लिहिलेलं असेल आणि आता ९.६ मिळत असतील तर गाडी बिघडलेली नाही.

महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून मायलेज वाढवण्याआधी इंधनाच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. बहुतेक या गाड्या ऑक्टेन ९५ मागतात, आणि ई-२० साठीच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन ९५ च आहे. त्यापेक्षा वरच्या पेट्रोलचा फायदा जिथे स्टिकरच ९८ म्हणतो तिथे, तोही बहुधा पिकअपमध्ये.

इथेनॉल पाणी ओढतं, हे गोव्याच्या दमट हवेत लक्षात ठेवण्याजोगं. महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल, मालक जहाजावर किंवा परदेशी असतील, तर टाकी अर्धी ठेवू नका. भरलेल्या टाकीत ओल्या हवेला जागा कमी मिळते. भल्या पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं ही समजूत सोडून द्या, जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसात फारसं हलत नाही. मापाचा संशय आला तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही.

टायर

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. दरवाजाच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणात दोन रकाने असतात, एक दोघांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. पाच पीएसआय कमी म्हणजे मायलेजमध्ये साधारण एक टक्का घट, आणि टायरच्या कडा झिजतात ते वेगळंच. टायरचा दिवा लागण्याची वाट पाहू नका. तो सहसा वीस-पंचवीस टक्के हवा गेल्यावर लागतो, म्हणजे ३६ ची २८ झाल्यावर. पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, स्वतःचं डिजिटल गेज घ्या. नायट्रोजनने मायलेज वाढत नाही; साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. पावसाळा संपला की व्हील अलाइनमेंट करून घ्या, आणि तेव्हाच टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून फुगवटा बघा. खड्ड्यांत १८-१९ इंची पातळ टायरांची दैना होते.

डिकीतल्या सामानाची चिंता लोक उगीच करतात. ४५ किलोला एक टक्का, बस.

डिझेल असेल तर

लहान फेऱ्या डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त बाधतात. धुराची काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि काही शे किलोमीटरनंतर गाडी जास्तीचं डिझेल जाळून ती साफ करते. हे सुरू असताना उभ्या गाडीतही इंजिनाच्या फेऱ्या जरा वाढतात, स्टार्ट-स्टॉप बंद राहतो, बंद केल्यावर पंखा घोंघावतो, गरम वास येतो. अशा वेळी घर आलं म्हणून बंद करू नका, आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवा. अर्धवट राहिलं की गाडी पुन्हा सुरुवातीपासून जाळते, आणि हा खेळ रोज चालला तर मायलेज दोन-तीन आकड्यांनी पडतं. आठवड्यातून एकदा मोपा विमानतळापर्यंत किंवा मडगावपर्यंत साठ-ऐंशीच्या वेगाने पंचवीस मिनिटांची धाव दिलीत की बहुतेक तक्रारी उद्भवत नाहीत.

अचानक पडलं तर

हळूहळू नव्हे, दोन टाक्यांत १५ टक्के पडलं तर कारण शोधायचं. पहिली धाव लोक एअर फिल्टरकडे घेतात. उसगाव-कुडचडे भागात लाल धूळ खाऊन तो विटेसारखा होतो खरा, आणि दहा हजारांना बघावाच. पण आताच्या इंजिनात आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, मायलेज फारसं पडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होऊ देऊ नका.

घरी करता येईल अशी तपासणी ब्रेकची. खाऱ्या दमट हवेत चार-पाच दिवस उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो, तो पहिल्या दोन ब्रेकमध्ये जातो. पण पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजली की पॅड डिस्कला घासतच राहतं. आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटचा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता सपाटीवर थांबा. प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, रिमला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर चोर सापडला. पाण्याच्या तापमानाचा आकडा दिसत असेल तर तोही बघा: पंधरा किलोमीटरनंतरही ऐंशीच्या खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे आणि इंजिन स्वतःला कायम थंड समजून जास्त पेट्रोल घेतं आहे. स्टार्ट-स्टॉप महिनाभर चाललाच नसेल तर बॅटरी तपासा. लहान फेऱ्यांत ती पूर्ण भरत नाही.

ऑइलचा डबा सर्व्हिसिंगच्या वेळी डोळ्यांनी बघा. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात ‘आपल्या हवेला जाडच बरं’ म्हणून ५डब्ल्यू-४० ओतणारे आहेत. ग्रेड जुळला तरी पुरत नाही, मॅन्युअलमधला मंजुरीचा क्रमांक डब्यावर असला पाहिजे: मर्सिडीजच्या काही इंजिनांना २२९.७१, बीएमडब्ल्यूच्या काहींना एलएल-१७ एफई प्लस.

एवढं करून कारण सापडलं नाही तर वर्कशॉपला जा, पण कागद घेऊन. तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, कुठल्या रस्त्यावर, टायरमधली हवा, तापमानाचा आकडा, कधीपासून पडलं ते. आणि स्कॅनर लावल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो आहे, ते वाचून दाखवायला सांगा. अधिक दहाच्या वर असेल तर हवा चोरून आत येते आहे किंवा सेन्सर चुकीचं सांगतो आहे. नुसतं ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ म्हणालात, तर ‘साहेब, ही गाडी अशीच असते’ म्हणून ती धुऊन परत देतील.